आकडा तीनशे वीस, वय तीन महिने

अर्धापूरहून नांदेड जेमतेम अठरा-वीस किलोमीटर. लेकराचं पोट आठवडाभर बिघडलेलं राहिलं, की घरची माणसं त्याला घेऊन नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये जातात, नाहीतर विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात. तिथून येताना पिशवीत औषधांसोबत तपासण्यांचे कागदही येतात. त्यांत कधी कधी एक अवघड नाव असतं: फीकल कॅल्प्रोटेक्टिन. बाळाच्या शीमधून करायची ही तपासणी. आणि तो कागद हातात धरून आईबाप विचारतात, ‘बाळ तीन महिन्यांचं आहे. आकडा ३२० आलाय आणि शेजारी छापलंय की ५०च्या आत पाहिजे. म्हणजे सहापट सूज आहे का आतड्याला?’

बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच असतं. ते का, हे समजायला आधी हे कॅल्प्रोटेक्टिन येतं कुठून ते पाहू.

१. आतड्याची सूज कुठे असते?

पोट फुगणं वेगळं आणि आतड्याला सूज येणं वेगळं. दूध पिताना हवा गिळली तरी बाळाचं पोट टम्म होतं. त्यात आतड्याला काहीच झालेलं नसतं. उलट आतडं आतून चांगलंच सुजलेलं असताना पोट वरून सपाट दिसू शकतं.

आतड्याच्या आतल्या बाजूला एक नाजूक अस्तर असतं. जंतूंमुळे, न मानवणाऱ्या एखाद्या प्रथिनामुळे किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटल्यामुळे या अस्तराला इजा होते. मग तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून अस्तरात शिरतात आणि अस्तर लाल, जाड, ओलसर होतं. या स्थितीला डॉक्टर दाह म्हणतात, आपण सूज म्हणतो.

या पांढऱ्या पेशींत सर्वांत आधी पोचतात त्या न्यूट्रोफिल. रक्ताच्या साध्या तपासणीच्या कागदावरही हे नाव छापलेलं असतं. त्यांचं आयुष्य फार थोडं. काम झालं की त्या मरतात, आतड्याच्या पोकळीत पडतात आणि शीबरोबर बाहेर जातात. न्यूट्रोफिलच्या आतल्या द्रवात जेवढी प्रथिनं असतात, त्यांतला जवळपास निम्मा वाटा एकट्या कॅल्प्रोटेक्टिनचा असतो. जंतूंना वाढायला जस्त आणि मँगनीज लागतं. हे प्रथिन ती दोन्ही घट्ट पकडून ठेवतं, त्यामुळे जंतूंची वाढ अडते.

नॉर्वेत ओस्लो इथे माग्ने फागरहोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास हे प्रथिन पांढऱ्या पेशींतून वेगळं काढलं. तेव्हा त्याचं नाव नुसतं ‘एल-वन’ होतं. १९९२ साली नॉर्वेतल्याच संशोधकांनी ते शीमध्ये मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पोटातले पाचक रस आणि आतड्यातले जंतू बहुतेक प्रथिनांचे तुकडे करतात, हे प्रथिन मात्र बरंचसं शाबूत बाहेर येतं. तपासणी शक्य झाली ती याच गुणामुळे.

त्याआधी, आणि आजही बहुतेक ठिकाणी, आतड्याची सूज ओळखायला साधी ‘स्टूल रुटीन’ तपासणी असते. शीचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ‘पस सेल्स’, म्हणजे याच पांढऱ्या पेशी, मोजायच्या. स्वस्त आणि उपयोगी तपासणी आहे ही, जंतांची अंडी आणि अमिबाही तिच्यात दिसतात. अडचण वेळेची आहे. सकाळी सहाला अर्धापुरात घेतलेला नमुना नांदेडच्या प्रयोगशाळेत अकराला पोचला, तर मधल्या वेळात पेशी फुटून गेलेल्या असतात आणि कागदावर ‘पस सेल्स नाहीत’ असं येऊ शकतं. पेशी फुटली तरी तिच्यातलं कॅल्प्रोटेक्टिन नाहीसं होत नाही.

२. कागदावरचा ५० कुणाचा?

आकड्यापुढे ‘मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम’ लिहिलेलं असतं. ३२० म्हणजे एक ग्रॅम शीमध्ये एक मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं कॅल्प्रोटेक्टिन. काही प्रयोगशाळा ‘मिलिग्रॅम प्रति किलो’ लिहितात. दोन्हींत आकडा तोच राहतो, रूपांतर करावं लागत नाही.

५० ही मर्यादा मोठ्या माणसांसाठी ठरली आणि चार वर्षांपुढच्या मुलांना ती चालते. त्या वयाखालची मुलं वेगळी आहेत, आणि बाळं तर फारच वेगळी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धापूरच्या शिवारात उभं राहिलं, तर जागोजागी धूर दिसतो. हळद काढून झालेली असते आणि ती शिजवायचं काम चालू असतं. त्या धुराला कुणी घाबरत नाही, आग लागली म्हणून धावत नाही. तोच धूर ऐन श्रावणात एखाद्या गोठ्यावरून निघाला, तर अख्खं गाव पळत जाईल. धूर दोन्ही वेळी खराच असतो आणि जाळही खराच असतो. त्याचा अर्थ कळायला हंगाम माहीत असावा लागतो. कॅल्प्रोटेक्टिनच्या आकड्याच्या बाबतीत हा हंगाम म्हणजे बाळाचं वय.

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आतड्यात कोट्यवधी जंतू प्रथमच वस्तीला येतात. त्यांतले बहुतेक उपकारक असतात. बाळाच्या आतड्याचं अस्तर अजून पुरतं घट्ट झालेलं नसतं आणि प्रतिकारशक्ती या नव्या वस्तीशी ओळख करून घेत असते. या काळात न्यूट्रोफिल मोठ्या संख्येनं अस्तरातून आतड्याच्या पोकळीत जातात, म्हणून शीमध्ये कॅल्प्रोटेक्टिन भरपूर सापडतं. हा आजार नाही, आतडं परिपक्व होण्याचा भाग आहे.

किती भरपूर? निरोगी मुलांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ ते ६ महिन्यांच्या बाळांसाठी वरची मर्यादा ५३८ निघाली, ६ महिने ते ३ वर्षांसाठी २१४ आणि ३ ते ४ वर्षांसाठी ७५. हे आकडे युरोपातले आहेत, आपल्याकडे लागू पडतील का, ही शंका रास्त आहे. म्हणून युगांडाची राजधानी कंपालातला अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो. तिथल्या वरकरणी निरोगी मुलांत मधला आकडा, म्हणजे निम्मी मुलं ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली, वर्षाच्या आतल्या बाळांत २४९ होता, १ ते ४ वर्षांत ७५ आणि ४ ते १२ वर्षांत २८. वय वाढतं तसा आकडा उतरतो, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. नेमकी मर्यादा मात्र तपासणीच्या किटनुसार थोडी बदलते.

आता सुरुवातीचं बाळ घ्या. तीन महिने वय, फक्त अंगावरचं दूध, दिवसाला पाच-सहा वेळा पिवळी, दह्यासारखी फुटकी शी, वजन नीट वाढतंय, आकडा ३२०. या वयात हा आकडा अपेक्षित पट्ट्यातच आहे. उपचार करायचे ते कशावर, असाच प्रश्न इथे विचारावा लागेल.

प्रयोगशाळांनी लहान मुलांच्या अहवालावर वयानुसार मर्यादा छापायला हव्यात, असं मला कळकळीनं वाटतं. मोठ्या माणसाची मर्यादा बाळाच्या आकड्याशेजारी छापली, की त्या एका ओळीपायी अंगावरचं दूध बंद होतं, महागडे डबे घरात येतात, प्रतिजैविकं सुरू होतात.

३. आईचं दूध आणि दुसरी एक तपासणी

शीमधून सूज ओळखायचं आणखी एक प्रथिन आहे, लॅक्टोफेरिन. तेही न्यूट्रोफिलमध्येच असतं आणि मोठ्या मुलांत त्याची तपासणी चांगली चालते. पण आईचं दूधही लॅक्टोफेरिननं भरलेलं असतं, आणि पहिल्या दिवसांच्या चिकात तर ते सर्वाधिक. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत ते आईच्या दुधातून आलं की बाळाच्या आतड्यातून, हे तपासणीला ओळखता येत नाही. म्हणून अशा बाळाची लॅक्टोफेरिन तपासणी करूच नये.

कॅल्प्रोटेक्टिनही अंगावरच्या दुधावरच्या बाळांत डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा जास्त आढळतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. याचा अर्थ आईचं दूध आतड्याला बाधतं असा लावणं चूक ठरेल.

मग बाळाच्या शीत रक्ताची बारीक रेघ दिसली तर? एक शक्यता गाईच्या दुधातलं प्रथिन न मानवण्याची असते. आईच्या आहारातूनही ते बाळापर्यंत पोचतं. हे कॅल्प्रोटेक्टिन मोजून ठरवता येत नाही, कारण निरोगी आणि बाधित बाळांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करायला सांगतात, फरक पडतो का पाहतात आणि मग ते पुन्हा सुरू करून खात्री करतात. बाळंतिणीनं हे मनानं करू नये. दुधासोबत इतर पदार्थही बंद करत गेलेल्या आईच्या ताटात शेवटी काही उरत नाही.

४. मोठ्या मुलांत तपासणीचा खरा उपयोग

चार वर्षांच्या पुढे हीच तपासणी फार कामाची ठरते. तीन मुलं कल्पून पाहू.

पहिली, अकरा वर्षांची मुलगी. सहा महिन्यांपासून बेंबीभोवती दुखतं, बहुतेक वेळा सकाळी शाळेच्या वेळेला. शी साफ, उंची-वजन वाढतंय, रात्री झोपेतून दुखण्यानं उठत नाही. कॅल्प्रोटेक्टिन २८. आतड्याला सूज असण्याची शक्यता फारच कमी. तिचं दुखणं खरं आहे, ती नाटक करत नाही. आतड्याच्या नसा अधिक संवेदनशील असल्या की असं दुखतं आणि त्याचे उपाय वेगळे आहेत. आतड्यात दुर्बीण घालायची गरज नाही.

दुसरा, तेरा वर्षांचा मुलगा. दोन महिने पातळ शी, अधूनमधून रक्त, रात्री उठून जावं लागतं, वजन ३८वरून ३३ किलोवर. कॅल्प्रोटेक्टिन ९००. इथे थांबायचं नाही. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दीर्घ सुजेचे आजार असू शकतात, आणि आपल्या भागात आतड्याचा क्षयरोगही तितकाच लक्षात ठेवावा लागतो, कारण त्यातही आकडा चढतो. कॅल्प्रोटेक्टिन सूज आहे एवढंच सांगतं, कोणत्या आजाराची ते सांगत नाही. ते ठरवायला कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून अस्तराचा तुकडा तपासणं, भाग आहे.

तिसरा, सहा वर्षांचा. लग्नाच्या जेवणानंतर हगवण लागली, दोन दिवस आव-रक्त पडलं, तापासाठी आयब्युप्रोफेन दिलं. कॅल्प्रोटेक्टिन ६००. हगवणीत हे होणारच. शिगेला, साल्मोनेला यांसारख्या जिवाणूंच्या हगवणीत आकडा बराच चढतो, रोटाव्हायरससारख्या विषाणूंच्या हगवणीत तुलनेनं कमी. आयब्युप्रोफेन गटातली औषधंही तो वाढवतात, कारण ती अस्तराला थोडी इजा करतात. पोरगं बरं झालं, औषध थांबलं, की चार-सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची. तेव्हा ४० आला तर विषय संपला. १५० आला तर तो मधला पट्टा. लक्षणं पाहत आणखी एकदा मोजायचं. पुन्हा ५००च्या घरात आला, तर आतड्याच्या तज्ज्ञांकडे जायचं.

या तपासणीनं खरोखर काय वाचतं, याचाही हिशेब झालेला आहे. मुलाची कोलोनोस्कोपी म्हणजे आदल्या दिवसापासून जुलाबाचं औषध देऊन आतडं रिकामं करणं आणि भूल देणं. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. आतड्याच्या दीर्घ सुजेचा संशय असलेल्या १०० मुलांची आधी कॅल्प्रोटेक्टिन तपासणी केली, तर १०० ऐवजी ६५ मुलांनाच दुर्बिणीखाली जावं लागेल, असं त्यातून निघालं. म्हणजे ३५ मुलांची भूल टळते. सोबत एक इशाराही होता: खरोखर आजारी असलेल्या मुलांपैकी सुमारे ८ टक्क्यांचं निदान लांबतं, कारण त्यांचा आकडा कमी येतो. म्हणून आकडा चांगला आला तरी वजन घटत असेल, तर विश्वास वजनावर ठेवायचा.

५. नमुना घेताना

कॅल्प्रोटेक्टिन टिकाऊ आहे, पण मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत पडून राहण्याइतकं नाही. नमुना त्याच दिवशी पोचवावा. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी. डायपर शीतलं पाणी शोषून घेतो, मागे राहिलेली शी घट्ट होते आणि आकडा खोटाच वाढू शकतो. शी पातळ असेल तर डायपरमध्ये आतून प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि वाटाण्याएवढी शी चमच्यानं उचलून डबीत घ्यावी. लघवी मिसळू देऊ नये.

बाळ मध्येच कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मग गळून पडतं आणि शी लालसर जेलीसारखी होते, तेव्हा कॅल्प्रोटेक्टिनच्या नादी लागायला वेळ नसतो. आतड्यात आतडं शिरल्याचं ते लक्षण असू शकतं आणि बाळाला तासाभरात रुग्णालयात न्यायला हवं. हिरवी उलटी, घट्ट फुगलेलं पोट, दूध न ओढणारं सुस्त बाळ, यांनाही हेच लागू.

आणि साध्या जुलाबाला ‘दात येतायत’ म्हणून सोडून देऊ नये. ओआरएस आणि १४ दिवस जस्ताच्या गोळ्या हा उपचार कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय सुरू होतो. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात दोन्ही मिळतं.

६. जी सूज दिसत नाही, पण उंची खाते

एक सूज अशीही आहे, जिच्यात लेकराला जुलाब नाहीत, ताप नाही, रक्त नाही. घराभोवतीच्या मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून शीतले जंतू थोडे थोडे, रोज पोटात जात राहतात. आतड्याचं अस्तर सतत हलकं सुजलेलं राहतं, अन्न शोषून घेणारे त्याचे बारीक उंचवटे झिजतात. लेकरू खातं, पण अंगी लागत नाही.

ही सूज शोधायला संशोधकांनी शीमधलीच तीन द्रव्यं निवडली. न्यूट्रोफिलमधलं मायलोपेरॉक्सिडेज, ज्याच्यामुळे पुवाला हिरवट रंग येतो. निओप्टेरिन, जे प्रतिकारशक्ती जागी झाली की दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी सोडतात. आणि अल्फा-वन अँटिट्रिप्सिन. हे तिसरं मूळचं रक्तातलं. ते शीत सापडलं, तर अस्तर गळतंय असं समजतात. ‘माल-एड’ नावाच्या मोठ्या अभ्यासात आठ देशांतल्या बाळांची शी अशी नेमानं तपासली गेली. भारतातलं केंद्र तमिळनाडूतलं वेल्लोर होतं. २०१३ साली आलेल्या निष्कर्षात तिन्ही द्रव्यं मिळून सर्वांत जास्त गुण असलेली बाळं पुढच्या सहा महिन्यांत सर्वांत कमी गुण असलेल्या बाळांपेक्षा सुमारे १.०८ सेंटिमीटरनं कमी वाढली.

या प्रश्नाशी आपल्या जिल्ह्याचाही संबंध आला होता. २००४च्या सुमारास महाराष्ट्रात गाव-स्वच्छतेचा मुलांच्या उंचीवर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी प्रयोग आखला गेला. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), नंदुरबार आणि नांदेड असे तीन जिल्हे त्यात होते, पण काम प्रत्यक्षात झालं ते अहमदनगरमध्येच. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची आकडेवारी मांडली: ज्या गावांत स्वच्छता मोहीम राबवली, तिथली चार वर्षांची मुलं सरासरीनं सुमारे १.३ सेंटिमीटरनं अधिक उंच निघाली. नांदेडच्या गावांना त्या मोहिमेचा लाभ मिळाला नाही, याचं वाईट वाटतं.

पुढे बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत मोठे प्रयोग झाले. २०१८-१९मध्ये आलेल्या त्यांच्या निकालांत साधे संडास बांधून आणि हात धुवायला शिकवून उंची वाढली नाही. पूरक आहारानं थोडी वाढली. कोंबड्या-जनावरांची घाण अंगणात तशीच असेल आणि पिण्याचं पाणी अशुद्धच असेल, तर घरटी एक संडास पुरत नसावा, असं अनेक संशोधकांचं मत आहे. मलाही ते पटतं, कारण रांगतं लेकरू अंगणातूनच फिरतं.

शीतली ती तीन द्रव्यं संशोधनासाठी आहेत. एकेकट्या बाळासाठी ती मोजून आज कुठलाही उपचार ठरत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं कमी भरली. ती मुलं ओळखायला अंगणवाडीतली मोजपट्टी आणि वजनकाटा लागतो. बाळाचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट व्हायला हवं. माता-बाल संरक्षण कार्डावर ती रेघ वर चढताना दिसते. उंचीचं मोजमाप मात्र जपून करावं लागतं. दोन वर्षांखालच्या लेकराला आडवं झोपवून, डोकं टेकवून, गुडघे सरळ धरून मोजतात. त्यापुढे उभं करून. त्याच लेकराची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. माल-एडमधला सगळा फरक एक सेंटिमीटरचा होता. एका महिन्यात झोपवून आणि पुढच्या महिन्यात उभं करून मोजलं, तर त्यातला बराचसा फरक मोजण्यातच हरवून जातो.